मुडिगेरेचा मळा, फोंड्याचे घर, लिस्बनचे दुकान: कॉफीच्या धंद्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चवथीला मी फोंड्याला येते. गणपतीच्या माटोळीत, म्हणजे मूर्तीच्या वर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीत, आमच्या कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) कॉफीची एक हिरवी डहाळी मी स्वतः बांधते, आणि ती पाहून कुणी ना कुणी विचारतेच, "काय गं, तुझं ते लिस्बनचं कॉफीचं कसं चाललंय? आमच्या पोराला असं काही जमेल का?" हल्ली डिचोली, पेडणे, साखळीकडूनही फोन येतात. प्रत्येकाला घाईत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते.

गोव्यात कॉफीचे मळे नाहीत. मग तुमचे बालपण कॉफीत कसे गेले?

कॉफीची झाडे गोव्यात आहेत. फोंडा, सत्तरी, सांगे इकडच्या कुळागरांत पोफळीच्या सावलीला चार-दोन झाडे सापडतात. पण ती घरापुरती. मळा म्हणावा असे काही इथे नाही.

माझे बाबा चिकमगळूर जिल्ह्यात, मुडिगेरेजवळच्या एका मळ्यावर रायटर होते. रायटर म्हणजे लेखक नव्हे. मजुरांची हजेरी, पगार आणि वजनाची वही सांभाळणाऱ्या कारकुनाला मळ्यावर रायटर म्हणतात. मी पाच वर्षांची असताना आम्ही तिकडे गेलो आणि दहावीनंतर परत आलो. शाळा कन्नड, घरात मराठी, आणि मे महिना आजीकडे फोंड्यात.

मळ्यातल्या बालपणाचा धंद्यात खरोखर उपयोग होतो का, की ते फक्त सांगायला बरे?

होतो, पण लोकांना वाटतो तिथे नाही. हिशेब, कर, भाडेकरार, भाषा यांतले काहीही मला मळ्याने शिकवले नाही. शिकवल्या त्या दोन गोष्टी.

पहिली, बी ओळखणे. डिसेंबरात अरेबिका अंगणात वाळत पडलेली असायची. कॉफीच्या दोन मुख्य जाती, अरेबिका आणि रोबस्टा, त्यांतली ही एक. साल काढून, एक-दीड दिवस आंबवून, धुऊन पसरलेली. मेस्त्री, म्हणजे मळ्यावरचे मुकादम, दर तासाला फावड्याने ती वरखाली करायचे आणि आम्ही पोरे कावळ्यांसारखी कडेला बसायचो. वाळली का हे बघायला यंत्र नव्हते. मेस्त्री मूठभर बिया उचलून त्यांचे वरचे टरफल चोळून काढायचे आणि एक बी दातांत धरायचे. दात आत रुतला तर अजून ओली, नुसती खूण उमटली तर झाली. मग माझ्या हातावर एक ठेवून म्हणायचे, "आता तू सांग." मी सात वर्षांची असेन. त्यानंतर एकच माप सलग दोन दिवस तोलायचे, आणि वजन हलले नाही तरच पोती भरायची. ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास आणायचा असतो हा आकडा मला पुढे कितीतरी वर्षांनी कळला. दाताला तो आधीच माहीत होता.

दुसरी गोष्ट वजनाची. संध्याकाळी तोडणीच्या बायका फळांच्या पिशव्या घेऊन रांगेत यायच्या. काट्याजवळ बाबा वही घेऊन बसायचे आणि वीज नसेल तेव्हा कंदील धरायला मी. काट्यावर साडेएकवीस आले तर वहीत साडेएकवीसच. वरच्या लोकांना एकवीस लिहिलेले आवडले असते, हे त्या वयातही मला कळत होते. बाबा म्हणायचे, "अर्धा किलो म्हणजे तिच्या कंबरेचे कष्ट." आज मी बिया विकत घेते तेव्हा हे वाक्य माझ्या डोक्यात असते. ते पुढे सांगते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पहिला पाऊस पडला की आठवड्या-दहा दिवसांत अख्खा मळा पांढरा होतो. जाईसारखा वास, आणि तीन-चार दिवसांत सगळे संपते. तो वास मी लिस्बनमध्ये कुणाला विकू शकत नाही. पण तो पाऊस वेळेवर पडला नाही तर पुढच्या वर्षी मला माल कमी मिळणार, हे मला मार्चमध्येच कळते. मुडिगेरेला फोन करून मी सगळ्यात आधी पावसाचेच विचारते.

"पारंपरिक कॉफी" म्हणजे तुम्ही नेमकी कोणती विकता?

पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये थेंब-थेंब उतरलेला काढा, गरम दूध आणि डबरा-टंबलर, म्हणजे पसरट वाटी आणि तीत ठेवलेला धातूचा पेला. आपल्याकडे तिला मद्रासी कॉफी म्हणतात, पण तिची बी मुख्यतः कर्नाटकाची. देशातली सुमारे सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते. परंपरा अशी सांगते की सतराव्या शतकात बाबा बुडन नावाचे सूफी संत हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्यांनी त्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २०१९ साली बाबाबुडनगिरी, चिकमगळूर आणि कूर्ग अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू अरेबिका या पाच कॉफींना भौगोलिक मानांकन मिळाले. परदेशात पाकिटावर गावाचे नाव लिहिताना त्याचा मान ठेवावा. कूर्गची बी चिकमगळूरची म्हणून विकू नये.

याशिवाय मी आमच्या आजीची कॉफीही ठेवते. दुधात उकळलेली, जायफळ घातलेली. मराठी घरांत पाहुण्यांना देतात तीच.

लिस्बनच का निवडले?

मामेभाऊ तिथे होता म्हणून. हे खरे उत्तर आहे आणि मला वाटते बहुतेकांचे हेच असते.

पण निघायच्या आधी धंदा करायचा असे ठरले नव्हते. पहिली तीन वर्षे मी एका बेकरीवजा कॅफेच्या काउंटरमागे काढली आणि ज्यांना कुणाला बाहेर कॉफीचे दुकान काढायचे आहे त्यांना मी पहिल्यांदा हेच करायला सांगते. लोक किती वाजता येतात, उभ्याने पितात की बसतात, एका कपाला किती पैसे मोडतात, हे त्या काउंटरमागे समजते. लिस्बनमध्ये माणूस काउंटरशी उभा राहून बिका मागतो. बिका म्हणजे लहानशा कपातली दाट काळी कॉफी. दोन घोटांत संपवून तो निघून जातो. अशा शहरात पंधरा मिनिटे ठिबकत बसणारा फिल्टर कसा चालवायचा, हा माझ्यासमोरचा खरा प्रश्न होता. उत्तर सोपे निघाले. काढा पहाटेच उतरवून ठेवायचा. मळ्यावर आईही तेच करायची.

तिथल्या लोकांना आपली कॉफी आवडते का?

आवडते आणि त्याला कारण आहे. पोर्तुगालच्या जुन्या मिश्रणांत रोबस्टा भरपूर असते. अंगोला त्यांच्या ताब्यात असताना तिथून ती येत असे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंगोला जगातल्या मोठ्या कॉफी उत्पादक देशांपैकी एक होता. त्यामुळे कडू, जाड, फेसाळ कॉफीची जीभ तिथे तयारच आहे. दुधाचेही वावडे नाही. उंच काचेच्या पेल्यात भरपूर दूध घातलेली कॉफी तिथे गलाँव म्हणून मिळते. माझ्या टंबलरला एका आजोबांनी "धातूचा गलाँव" असे नाव दिले आणि मी ते फळ्यावर लिहून टाकले.

पहिली गिऱ्हाइके मात्र वेगळीच होती. मोझांबिकमार्गे लिस्बनला आलेली गोव्याची आणि गुजरातची वयस्क माणसे. एक बाई, ऐंशीच्या पुढच्या, टंबलर दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसती वाफ घेत बसल्या होत्या. कोंकणीत एवढेच म्हणाल्या, "घरचो वास."

दूध कुठले वापरता?

हा प्रश्न फार थोडे विचारतात आणि पहिल्या सहा महिन्यांत मला सगळ्यात जास्त त्रास यानेच दिला. पोर्तुगालमध्ये दुकानात मिळणारे बहुतेक दूध खूप तापवून डबाबंद केलेले असते. महिनोन्महिने टिकते. पण त्याला शिजल्यासारखी एक गोडसर चव असते आणि ती काढ्याच्या अंगावर येते. साय नाही, जाडी नाही. मी बिया बदलल्या, भाजणे बदलले, चिकोरी वाढवली, तरी कॉफी आईसारखी होईना. शेवटी एकदा रोजचे ताजे दूध आणून उकळले. तिथे "दिवसाचे दूध" म्हणून ते वेगळे मिळते, फ्रीजमध्ये ठेवलेले. पहिल्याच घोटात फरक कळला. महाग पडते, दोन दिवसांत संपवावे लागते, पण दुसरा इलाज नाही. दूध एकदाच उकळायचे. पुन्हापुन्हा तापवले की परत तोच डब्याचा वास.

चिकोरी म्हणजे भेसळच ना?

सांगून घातली तर नाही. न सांगता घातली तर होय.

चिकोरी हे एका झाडाचे मूळ आहे. गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात त्याची शेती होते. मूळ वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. त्यात कॅफिन नसते. काढ्याला रंग, दाटपणा आणि किंचित कडू-गोड चव येते. भारताच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. बाजारातले एखादे स्वस्त पाकीट उलटून बघा, ४९ टक्के चिकोरी दिसेल. मी ८५ ला १५ ठेवते आणि बिनचिकोरीचीही एक ठेवते. पोर्तुगालमध्ये चिकोरी आणि बार्लीची मिश्रणे घरोघरी पीत असत, त्यामुळे जुन्या माणसांना ती नवीन नाही. नाक मुरडतात ती तरुण मंडळी. त्यांना मी बिनचिकोरीची देते, वाद घालत नाही.

बिया भारतातच भाजून, दळून न्याव्यात की तिकडे भाजाव्यात?

तिकडे. यावर माझे मत पक्के आहे.

पैशाचे कारण: युरोपीय संघात हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या बियांवर आयातशुल्क शून्य आहे, भाजलेल्या बियांवर मूळ दर साडेसात टक्के. चवीचे कारण त्याहून मोठे. दळलेली कॉफी आठवड्या-दोन आठवड्यांत उतरते, आणि जहाज त्याहून जास्त वेळ घेते. हिरवी बी नीट ठेवली तर महिनोन्महिने टिकते.

पण "नीट ठेवली तर". पहिल्या वर्षी मी तीन पोती, १८० किलो, एप्रिलमध्ये फोंड्याच्या घरात आणून ठेवली. कागद व्हायला उशीर झाला आणि जून उजाडला. गोव्याचा पाऊस आपल्याला माहीत आहे, पण त्या पोत्यांचा विचार कुणी केला? ऑगस्टमध्ये तोंड उघडले तेव्हा निळसर-हिरव्या बिया फिकट पडल्या होत्या आणि वास ओल्या गोणपाटाचा येत होता. मी सवयीने एक बी दातांत धरली. दात सरळ आत गेला. सगळा माल टाकून दिला. काहींनी सुचवले की जास्त भाजून वास लपव. बुरशीचे विष भाजून पूर्ण जात नाही. युरोपात भाजलेल्या कॉफीत ओक्राटॉक्सिन-ए या बुरशीच्या विषाची मर्यादा २०२३ पासून आणखी कडक करून किलोमागे ३ मायक्रोग्रॅम केली, आणि ते योग्यच आहे.

कुणी म्हणेल, मग मान्सून्ड मलबार नावाची कॉफी कशी पावसाळ्यात तयार होते? ती पश्चिम किनाऱ्यावरच्या खास गोदामांत, पातळ थर पसरून, सतत हालवून, पावसाळी वाऱ्यावर मुद्दाम फुगवतात आणि नंतर पुन्हा नीट कोरडी करून निवडतात. ते कसब आहे. बंद खोलीत पोती रचून ते होत नाही.

आता माल मळ्याकडच्या गिरणीतून हवाबंद अस्तराच्या पोत्यांत भरतो आणि पावसाच्या आत मंगळूर बंदरातून निघतो. गोव्यात तो येतच नाही.

भाजण्याचे यंत्र लगेच विकत घेऊ नका. मी दोन वर्षे दुसऱ्याच्या भट्टीवर तासाने पैसे देऊन भाजले. शंभर किलो हिरव्या बियांचे भाजून साधारण ८३ ते ८५ किलो उरतात. भाव लावताना नवखे लोक ही घट विसरतात.

कागदपत्रे कोणती लागतात?

भारताच्या बाजूने: आयात-निर्यात कोड, केंद्र सरकारच्या कॉफी बोर्डाकडे निर्यातदार म्हणून नोंदणी, प्रत्येक खेपेला परवाना आणि मूळ-देशाचे प्रमाणपत्र, शिवाय वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र. स्वतः निर्यातदार होण्यापेक्षा सुरुवातीला नोंदणीकृत निर्यातदाराकडूनच माल घ्या. एका पोत्यासाठी आणि एका कंटेनरसाठी कागद जवळजवळ सारखेच.

पोर्तुगालच्या बाजूने: करक्रमांक, आयातदार म्हणून सीमाशुल्काचा क्रमांक, दुकानाची नोंदणी, स्वच्छतेची लेखी पद्धत आणि पोर्तुगीज भाषेतली लेबले. कपातल्या कॉफीवर मूल्यवर्धित कर १३ टक्के, पाकिटातल्या कॉफीवर २३. दोन्हींचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. दुकानात तक्रारवही ठेवणे सक्तीचे असते, आणि गिऱ्हाइकाने मागितली की द्यावीच लागते. जर्मनीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, तिथे भाजलेल्या कॉफीवर किलोला २ युरो १९ सेंट एवढा वेगळा कॉफीकर आहे.

युरोपचा जंगलतोडीचा नवा नियम लहान धंद्याला मारक ठरेल का?

मला तशी भीती वाटत नाही, पण आत्ताच तयारीला लागा. २०२३ च्या या कायद्याप्रमाणे ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरची कॉफी युरोपात विकता येणार नाही, आणि माल कुठल्या तुकड्यातून आला त्याचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलाची तारीख एकदा नव्हे, दोनदा पुढे गेली, म्हणून काहीजण निवांत बसले आहेत. आपल्याकडची कॉफी सावलीत वाढते. वर फणस, पांगारा, सिल्व्हर ओक, खोडांवर मिऱ्याचे वेल. झाडे राखणाऱ्यालाच या कायद्याने फायदा व्हायला हवा. अडचण एवढीच की दोन-तीन एकरवाल्याच्या मळ्याचा नकाशा कोण काढणार? मी घेते त्या सात घरांच्या जमिनीची मोजणी मी गेल्या जानेवारीत स्वतः फोन हातात घेऊन, बांधाबांधाने चालून केली. दोन दिवस लागले.

बिया कुणाकडून घेता? भाव कसा ठरतो?

अरेबिकाचा भाव न्यूयॉर्कला आणि रोबस्टाचा लंडनला ठरतो. त्याचे पडसाद त्याच दिवशी मुडिगेरेच्या व्यापाऱ्याच्या फळ्यावर. तिथे भाव पन्नास किलोच्या पोत्याचा बोलतात. वाळवलेल्या रोबस्टा फळांच्या पन्नास किलोंतून साधारण २६ ते २८ किलो स्वच्छ बी निघते, आणि या "आउटटर्न"वरच, म्हणजे उताऱ्यावरच, घासाघीस चालते. इथेच लहान शेतकरी मार खातो, कारण उतारा व्यापारीच काढतो.

बाबांच्या काळात वेगळे होते. तेव्हा सगळी कॉफी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात जायची आणि मळेवाल्याला पैसे हप्त्याहप्त्याने मिळायचे. १९९० च्या दशकात ते टप्प्याटप्प्याने मोकळे झाले, १९९६ मध्ये पूर्ण.

सुरुवातीला एका दलालाने मला पाठवलेला नमुना सुंदर होता. टपोऱ्या, एकसारख्या, प्लँटेशन ए या वरच्या प्रतीच्या बिया. आलेल्या पोत्यांत फुटक्या आणि काळ्या बिया मिसळलेल्या. तेव्हापासून मी नमुना मागवतच नाही, स्वतः जाते. जानेवारीत जाऊन पोत्याच्या मधोमध हात घालते. सात घरांकडून थेट घेते, आणि उतारा त्यांच्यासमोर काढते, त्यांच्याच काट्यावर. साडेसव्वीस आला तर साडेसव्वीस लिहिते.

पोर्तुगीज पासपोर्ट लागतोच का?

लागतोच असे नाही, रहिवास परवान्यावरही धंदा करता येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येते, हे घराघरांत माहीत आहे. पण ते घेतले की भारतीय नागरिकत्व जाते, आणि त्यानंतर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर शेतजमीन किंवा मळा विकत घेता येत नाही. ज्यांना पुढेमागे कुळागर घ्यायचे आहे, त्यांनी सही करण्याआधी वकिलाला विचारावे. मी भारतीय पासपोर्टच ठेवला आहे. लिस्बनचे कागद त्यामुळे दरवेळी लांबतात, पण फोंड्याची जमीन माझ्या मनात आहे.

आमच्या कुळागरात कॉफी लावून तुम्हाला विकली तर घ्याल का?

चांगली असेल तर घेईन, पण निर्यातीच्या आशेने लावू नका. अरेबिकाला उंची आणि थंडी हवी, ती आपल्याकडे नाही. रोबस्टा होईल. घरच्यासाठी दहा झाडे लावा. फळ लाल झाल्याशिवाय तोडू नका आणि जमिनीवर नव्हे, ताडपत्रीवर किंवा मांडवावर वाळवा.

घरी करायची असेल तर प्रमाण सांगा.

चौघांसाठी: फिल्टरच्या वरच्या भांड्यात पाच मोठे चमचे ताजी पूड. हलकेच दाबा, कुटू नका. उकळी येऊन अर्धा मिनिट झालेले पाणी गोल फिरवत ओता, झाकण ठेवा आणि वीस मिनिटे त्याला हात लावू नका. एक भाग काढ्याला अडीच-तीन भाग दूध. साखर नंतर. काढा कधीही पुन्हा उकळू नका, गरम दूधच त्याला गरम करते.

आजीची हवी असेल तर दूध उतरवताना त्यात जायफळ घाला. कुळागरातले अख्खे जायफळ घ्या, डब्यातली पूड नको. किसणीवर दोनदा फिरवा, तिसऱ्यांदा नाही.